तीन राखणदार

बाईंच्या घरातला संगणक सुरू करायचा म्हणजे बटण दाबायचं आणि आपल्या कामाला लागायचं. भांडी घासून व्हायची, कपडे वाळत घालून व्हायचे, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी उमटायचं. "आला का गं तो?" असं सासूबाई आतून विचारायच्या, जणू लांबच्या गावाहून कुणी पाहुणा यायचा आहे. इतके दिवस या आळशी पाहुण्याची घरात चेष्टा व्हायची. आज शनिवार होता, दुपारी तीनला परीक्षा होती आणि चेष्टा करण्याची कुणाची छाती नव्हती.

बाई म्हणजे बालवर्गाच्या बाई. त्यांना नाव होतं, पण ते फक्त सही करताना लागायचं. शाळेतली पोरं बाई म्हणायची, पोरांचे आईबाप बाई म्हणायचे, आणि ज्यांची पोरं कधीच मोठी होऊन गेली तेही रस्त्यात थांबून बाईच म्हणायचे. रडणाऱ्या पोराला गप्प करणारी माणसं पुष्कळ असतात. ते का रडतंय हे कळेपर्यंत त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहणारी माणसं थोडी. बाई त्यातल्या होत्या.

पण आता नवा नियम आला होता. लहान मुलांपुढे उभं राहायचं तर एक परीक्षा पास व्हायला हवी. ती संगणकावरच द्यायची, फोनवर चालत नाही. आणि ज्या संगणकावरून नाव नोंदवलं, त्याच संगणकावर द्यायची, म्हणजे कुणी दुसऱ्याच्या घरी बसून दुसऱ्याच्या डोक्याने उत्तरं लिहू नयेत. संधी तीन. त्यातल्या दोन बाईंच्या हातून गेल्या होत्या. उत्तरं येत नव्हती म्हणून गेल्या असत्या तर बाईंनी मान खाली घालून मान्य केलं असतं. पहिल्या वेळी निम्म्या परीक्षेत संगणक गोठला. दुसऱ्या वेळी तर तिसऱ्या प्रश्नापुढे सरकलाच नाही. ज्याचं उत्तर त्यांना झोपेतही देता आलं असतं तो प्रश्न पडद्यावर अर्धा उमटला आणि तसाच राहिला, खालच्या ओळी पोटात घेऊन.

"तुमच्यासारखी बाई मला मिळायची नाही," मुख्याध्यापिका त्यांना म्हणाल्या होत्या. "पण कागद नसेल तर मी तुम्हाला वर्गात उभं करू शकत नाही. मदतनीस म्हणून राहा. पोरांचे हातपाय धुवा, डबे उघडून द्या. पोरं तुमचीच की."

पोरं तुमचीच, पण वर्ग नव्या शिक्षिकेचा. तीही हल्ली वर्ग समजून घ्यायला येऊन मागच्या बाकावर बसायची. चांगली होती बिचारी. बाईंना तिचा राग येत नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं.

तर आज शेवटची संधी. परीक्षेआधी यंत्राची तपासणी करून घ्यावी लागते, आणि ती अडीचच्या आत पास झाली नाही तर परीक्षेचं दार उघडत नाही. बाईंनी सकाळपासून ती तपासणी सारखी चालवून पाहिली होती. दर वेळी एक निळी पट्टी हळूहळू भरत जायची, शेवटाला येऊन थबकायची आणि खाली अक्षरं यायची: यंत्राचा वेग अपुरा.

आता प्रयत्न केले नव्हते असं नाही. शेजारच्या छायाचित्रकाराने सांगितलं होतं, की संगणक भरून गेला की माणसासारखाच सुस्तावतो, आधी पोट रिकामं करा. पोटात निघाले सासूबाईंचे फोटो. मामेसासरे, चुलतसासरे, नातवंडं, कुणाच्या तरी दारातली मांजर, आणि सासऱ्यांचे तर एकेका दिवशीचे चाळीस. ते सगळे संगणकाला जोडायच्या एका छोट्या डबीत हलवायचे ठरले तेव्हा सासूबाईंनी ती डबी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

"एवढ्याशा डबीत? ह्यांना जन्मभर ऐसपैस झोपायची सवय."

"आई, त्यांना काही होत नाही. पाहिजे तेव्हा काढून बघता येतात."

"ते ठीक आहे. पण मामेसासऱ्यांना ह्यांच्या शेजारी ठेवू नकोस. दोघांचं कधी पटलं नाही."

संगणकाचं पोट रिकामं झालं. किल्ल्या कापायच्या यंत्रावरचा कीस उडवायचा फुंकणा आणून बाईंच्या नवऱ्याने आतली धूळही उडवली. तिने अख्खी खोली करडी झाली. संगणकाचा घरघराट थोडा कमी झाला, पण वेग होता तिथेच. पहिल्यापेक्षा हळू आवाजात तो तितकाच हळू चालायला लागला, एवढंच.

निळी पट्टी पुन्हा शेवटाला येऊन थबकली. यंत्राचा वेग अपुरा. आणि आजवर एकाही पोरावर हात न उगारलेल्या बाईंनी त्या डब्याला चापट मारली. मग आणखी एक. तिसरीला सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मारून ऐकत असतं, तर तुझा नवरा लहानपणीच शहाणा झाला असता," त्या म्हणाल्या. "ज्यांची परीक्षा आहे त्यांना फोन कर ना."

परीक्षावाल्यांचा मदतीचा नंबर बराच वेळ नुसता वाजत राहिला. शेवटी एका मुलीने उचलला. तिच्या आवाजावरून कळत होतं, की सकाळपासून तिने हेच रडगाणं पन्नास जणांकडून ऐकलंय.

"मॅडम, तुमचा संगणक आम्ही दुरुस्त करू शकत नाही. तारीखही बदलून मिळत नाही."

"बदलून नको. फक्त बघायचं कुठे तेवढं सांगा. तो इतका कशात गुंतलेला असतो, हे तरी मला कळू दे."

कुठली बटणं एकदम दाबायची ते मुलीने सांगितलं. "या घटकेला आत काय काय चालू आहे ते सगळं दिसेल. जे सगळ्यात वर आहे, तेच सगळं खातंय. एवढंच सांगू शकते, मॅडम. शुभेच्छा." आणि ठेवून दिला.

बाईंनी बटणं दाबली. एक चौकट उघडली, तीही निवांतपणे. सगळ्यात वर एक नाव होतं. त्याच्याखाली दुसरं. त्याच्याखाली तिसरं. तिघांनी मिळून संगणकाची सगळी ताकद वाटून घेतली होती आणि बाकीच्यांच्या वाट्याला नुसतं चाटण ठेवलं होतं. बाईंनी एकेक नाव उघडून वाचलं. पहिलं व्हायरसपासून राखण करणारं. दुसरंही तेच. तिसरंही.

एकदा बाईंनी वर्गात एकाऐवजी तीन मॉनिटर नेमले होते. पोरं हौसेने मागत होती, म्हटलं होऊ दे. त्या दिवशी वर्गात काहीच शिकवून झालं नाही. एक मॉनिटर उठला की दुसरा ओरडायचा, हा जागेवरून उठला. तो ओरडला की तिसरी सांगायची, हा ओरडला. ती सांगायला उभी राहिली की पहिला म्हणायचा, बघा, ही उभी. बाकीची पोरं अगदी शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसली होती आणि मॉनिटरांचाच दंगा चालला होता.

बाई चौकटीकडे बघत राहिल्या. इथेही तेच चाललं होतं. एक राखणदार एखादा कागद तपासायला उघडतो, तर दुसरा त्याच्या हाताला धरतो की तू हा का उघडलास, आणि तिसरा त्या दोघांना चोर समजून त्यांच्या मागे धावतो. परीक्षेचा प्रोग्राम बिचारा कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेला.

राखणदार कुणी नेमले हे विचारायची गरजच नव्हती. बाईंचा नवरा कुलपांची कामं करायचा. कुलपं बसवणं, किल्ल्या कापणं, अडकलेली दारं उघडून देणं. सगळा भाग त्यांना किल्लीवाले म्हणून ओळखायचा. त्यांच्या स्वतःच्या घराच्या दाराला तीन कुलपं होती आणि आत अडसर होता. "एका कुलपावर भरवसा टाकतो तो गिऱ्हाईक," ते म्हणायचे, "आणि तीन लावतो तो कारागीर."

बाईंनी पहिल्या राखणदाराला काढून टाकायचा हुकूम दिला. त्याने पासवर्ड मागितला. दुसऱ्याने मागितला, तिसऱ्यानेही मागितला. किल्लीवाले पासवर्ड कुठे लिहून ठेवत नसत, कुणाला सांगतही नसत. किल्लीची नक्कल म्हणजे चोराला आमंत्रण. आणि फोन तर कुलपावर काम करताना ते बंदच ठेवायचे, कारण कुलूप कानाने उघडायचं असतं. बाईंनी तरी लावून पाहिला. बंद होता.

"आई, मी ह्यांना आणायला जाते. कापडाच्या गोदामाचं मागचं दार उघडायला गेलेत. तुम्ही इथे बसा, पण कशाला हात लावू नका."

"मी त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या.

बाई घरातल्याच चपला घालून निघाल्या. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, मग सायकलींचं, मग लांबच लांब भिंत. वाटेत एक जुना विद्यार्थी भेटला, आता मिशा आलेला. "बाई, कुठे एवढ्या घाईने?" बाईंनी नुसता हात हलवला. थांबल्या असत्या तर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या असत्या, आणि ते शोभलं नसतं.

गोदामाच्या मागच्या बोळात किल्लीवाले दारापुढे उकिडवे बसले होते. डोळे मिटलेले, कान लोखंडाला लावलेला, हातात दोन बारीक आकडे. शेजारी गोदामाचे मालक येरझारा घालत होते.

"अहो," बाई म्हणाल्या.

किल्लीवाल्यांनी डोळे न उघडताच एक बोट वर केलं. थांब.

"थांबायला वेळ नाही. संगणकात तीन तीन राखणदार कुणी बसवले?"

आता डोळे उघडले. "का? कुणी आत शिरलं का?"

"कुणी शिरत नाहीये, हेच तर दुखणं आहे. मीसुद्धा शिरू शकत नाहीये. ते तिघे एकमेकांच्या उरावर बसलेत. पासवर्ड सांगा, मला काढायचेत."

"काढायचेत? आणि दार उघडं टाकायचं?"

"अहो, घरात चोरी होऊ नये म्हणून घराचंच दार भिंतीने बुजवलंय तुम्ही."

किल्लीवाले आकडे हातात धरून तसेच बसले. बायको बोळात चपला फरफटत आली आहे, केस सुटलेत, आवाज फाटलाय, हे सगळं त्यांना एकेक करून दिसत गेलं. पहिल्या दोघांचे पासवर्ड त्यांनी तिच्या कानात सांगितले. मालकांकडे पाठ करून.

"आणि तिसऱ्याचा?"

"तो तोंडी येत नाही. तो माझ्या बोटांत आहे. समोर बसलो की येईल."

त्यांनी आकडे पिशवीत टाकले आणि उठले. अर्धवट उघडलेलं कुलूप सोडून ते आजवर कधी उठले नव्हते.

"अरे वा," मालक म्हणाले. "बायकोने हाक मारली की कारागीर चालला. माझा माल आत पडलाय त्याचं काय?"

"तुमचा माल पडलेलाच आहे, साहेब. तो आणखी पडत नाही," किल्लीवाले म्हणाले. "हिचं चाललंय ते आजच वाचवायचंय."

घरी आले तेव्हा सासूबाई पडद्यासमोर तशाच बसल्या होत्या. "मध्ये एक चौकट आली होती," त्या म्हणाल्या. "हो का नाही विचारत होती. मी म्हटलं, घरात कुणी नाही."

पहिला राखणदार निघाला. जाताना त्याने खरंच जायचं का असं तीनदा विचारलं आणि मग संगणक बंद करून चालू करायला लावला. पुन्हा तो लांबच्या गावाहून येणारा पाहुणा. तिघेही उभे होते. बाई ओठ चावत होत्या. दोन वाजून गेले होते. दुसराही निघाला. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

तिसऱ्यापुढे किल्लीवाले खुर्चीत बसले. बोटं मोकळी केली, टंकली. चूक. पुन्हा टंकली, जरा सावकाश. चूक. पडद्यावर सूचना आली, की आणखी एकदा चुकलं तर चोवीस तास काहीच उघडणार नाही.

किल्लीवाल्यांनी हात मागे घेतले. मान खाली घातली.

"आठवा ना," बाई म्हणाल्या.

"रागात बनवला होता. म्हणून नीट आठवत नाही."

"कुणावरच्या रागात?"

ते पडद्याकडेच बघत म्हणाले, "तुझी पहिली परीक्षा अडकली ना, तेव्हा मला वाटलं आत काहीतरी शिरलंय. आपोआप कसं अडकेल? म्हणून दुसरा बसवला. मग दुसऱ्या वेळी तर आणखीच अडकलं. मी म्हटलं, कुणीतरी मुद्दाम करतंय. माझ्या बायकोच्या वाटेत कुणीतरी बसलंय. म्हणून हा तिसरा, सगळ्यात जबरदस्त. रात्रभर बसून बसवला."

बाईंना एकदम सगळं दिसलं. पहिल्या वेळी संगणक अडकला तो सासूबाईंच्या फोटोंनी भरला होता म्हणून. दुसऱ्या वेळी तर नवऱ्याच्या मायेने त्याचा गळा आवळला होता. फोटो निघाले, रोग बरा झाला, आणि औषधच उरावर बसून राहिलं.

"मला विचारायचं तरी," त्या म्हणाल्या. आवाज चढलाच. "एकदा विचारायचं. माझा वर्ग चाललाय, आणि तुम्ही मला न सांगता दारं बंद करताय. मला वाटत होतं मीच मूर्ख. इतके दिवस मला वाटत होतं की माझ्याच हाताला यश नाही."

किल्लीवाल्यांची बोटं पुन्हा कळफलकाकडे निघाली. शेवटची एक संधी होती आणि माणूस अपराधी झाला की कुठलीही संधी घेतो. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"नको. राहू दे."

"आठवेल. देतो मी काढून."

"राहू दे म्हणते ना. दोघं गेले. एक मॉनिटर असला तर वर्ग चालतो."

"आणि नाही चालला तर?"

"तर मी पोरांचे डबे उघडीन. उठा."

ते उठले. बाई बसल्या. अडीचला काही मिनिटं उरली असताना त्यांनी तपासणी पुन्हा चालू केली. निळी पट्टी निघाली. आधीपेक्षा जलद निघाली की आपल्यालाच तसं वाटतंय, हे त्यांना कळेना. शेवटाला येऊन ती थबकली. सासूबाईंनी डोळे मिटले. किल्लीवाले भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पट्टी थबकलेलीच होती, आणि बाईंच्या मनात मागच्या बाकावरची ती नवी शिक्षिका उठून फळ्यापाशी जाऊन उभीही राहिली होती.

मग पट्टी हिरवी झाली. यंत्र परीक्षेस योग्य.

कुणी आनंदाने उड्या मारल्या नाहीत. खोलीत परीक्षार्थीशिवाय कुणी असता कामा नये असा नियम होता, म्हणून दोघे मायलेक बाहेर गेले आणि दार लोटलं गेलं. बाहेर स्टुलाचा पाय घसटल्याचा आवाज आला. किल्लीवाले दारापाशी बसले असणार.

परीक्षा काही सुखाने झाली नाही. म्हातारा घोडा ओझं उतरवलं म्हणून तरणा होत नसतो. पानं उलटत होती, पण प्रत्येक पान दम खात उलटत होतं. मूल सारखं दुसऱ्यांना चावत असेल तर काय कराल? बाईंना तीन मुलं आठवली, तिघांची तीन कारणं आठवली. पण लिहायला जागा नव्हती. चारातलं एक निवडायचं होतं. त्या निवडत गेल्या. मधल्या एका पानावर सगळं थांबलं. बाईंनी हात मांडीखाली दाबून धरले, कारण हात मोकळे असते तर त्यांनी पुन्हा त्या डब्याला मारलं असतं. कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं धडधाकट चाललं होतं, ते कधी अडकत नाही. पान उघडलं. मग पुढचं. शेवटचे दोन प्रश्न उघडायच्या आतच वेळ संपली आणि परीक्षा आपोआप बंद झाली. त्या दोन प्रश्नांत काय विचारलं होतं, हे बाईंना कधीच कळलं नाही.

पडदा पांढरा झाला. एक छोटं वर्तुळ फिरत राहिलं. ते इतका वेळ फिरलं, की बाईंना खाली रस्त्यावरून गेलेली दुधाची गाडी परत येताना ऐकू आली.

मग एक ओळ उमटली. उत्तीर्ण. गुण जेमतेम होते, अगदी उंबऱ्यावरचे, एक पाय आत असलेले. प्रमाणपत्र टपालाने येईल, असं खाली होतं.

बाईंनी दार उघडलं. किल्लीवाले धडपडत उठले. त्यांना विचारायचा धीर होईना, म्हणून सासूबाईंनीच विचारलं, "काय?"

"पास," बाई म्हणाल्या, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून त्यांना हुंदका फुटला. सकाळपासून अडवून धरलेला. थांबेच ना. सासूबाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या. त्यांच्या गुडघ्यांना ते सोपं नव्हतं.

"आता रडतेस?" त्या म्हणाल्या. "सकाळी रडायचं होतंस. तेव्हा मी रिकामी होते."

बाई रडता रडता हसल्या. किल्लीवाले अजून उभेच होते, हातांचं काय करावं ते न कळलेल्या माणसासारखे.

"मग," ते हळूच म्हणाले, "तो तिसरा उद्या काढू का? आता चुकलं तरी चोवीस तासच अडकेल."

"त्याला हात लावू नका," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि त्याला सोबतही आणू नका. काही आणावंसं वाटलंच, तर आधी मला विचारा. मी घरातच असते."

"बरं," किल्लीवाले म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "चहा टाकू का?"

"टाका," बाई म्हणाल्या.